खाट उचलायला चार जण लागतात

गेले तीन आठवडे आमच्या चर्चच्या तरुण संघात एकच वाद पेटलाय. संघातला एक जण रविवारी सकाळी हाफ मॅरेथॉन पळाला, साडेआठची उपासना चुकली, आणि दुपारी त्याने गळ्यात मेडल घातलेला फोटो ग्रुपवर टाकला, खाली ओळ लिहिली की तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. झालं, तिथून जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. एक बाजू म्हणते देव पहिला, अभ्यास दुसरा, घरचे तिसरे, आणि जिमबिम काय असेल ते उरलेल्या वेळात. दुसरी म्हणते शरीर देवानेच दिलंय, ते नीट ठेवणं हीसुद्धा उपासनाच, तुम्ही जुन्या विचारांचे आहात. दोन्हीकडून वचनं फेकली जातायत, पाळकसाहेबांना मध्ये ओढून झालं, दोघं-तिघं ग्रुप सोडून गेले. आणि मला सारखं वाटतंय की आपण सगळेच चुकीच्या गोष्टीवर भांडतोय. दोन्ही बाजू असं धरून चालल्यात की शरीर ही एकट्या माणसाची वस्तू आहे आणि प्रश्न फक्त तिला दिवसातले किती तास द्यायचे एवढाच आहे. माझं म्हणणं असं की व्यायाम, अभ्यास आणि विश्वास यांची भांडणं लागतात कारण आपण तिन्ही गोष्टी एकेकटे करतोय. त्यांना एकत्र बांधणारी चौथी गोष्ट मैत्री, आणि तीन आठवड्यांच्या त्या शेकडो मेसेजमध्ये हा शब्द एकदाही आलेला नाही.

आधी ते मंदिराचं वचन बघू, कारण आता ते टीशर्टवरसुद्धा छापून मिळतं. ते बायबलमधलं, प्रेषित पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, सहावा अध्याय. पौल तिथे व्यायामाबद्दल बोलतच नाहीये, तो वेश्यागमनाबद्दल बोलतोय, बंदर असलेल्या श्रीमंत शहरातल्या मंडळीला सांगतोय की शरीराने काय केलं त्याचा आत्म्याशी संबंध नाही असं समजू नका. आणि ज्या वाक्यावर आपण फोटो टाकतो ते पुढे जातं तेव्हा म्हणतं की तुम्ही स्वतःचे नाही, तुम्हाला किंमत देऊन विकत घेतलंय. म्हणजे 'माझी बॉडी, माझी मेहनत' असं म्हणायला जे वचन वापरलं जातंय ते नेमकं उलटं सांगतंय. अजून एक गंमतीची गोष्ट आपल्या भाषेची आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला एक माणूस की अनेक हे कळत नाही, मराठीत 'तुम्ही' आहे, पण आपण ते 'तुम्ही' आदराने एका माणसाला म्हटल्यासारखं वाचतो. मूळात ते अनेकवचन आहे. तिसऱ्या अध्यायात तर 'तुम्ही देवाचं मंदिर आहात' हे अख्ख्या मंडळीला उद्देशून आहे. मंदिर एकाच विटेचं कसं होईल?

आता 'देव पहिला, अभ्यास दुसरा' म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मी मनापासून मान्य करतो कारण तो ऐकतच मोठा झालोय. मी नगर जिल्ह्यातला. आमच्याकडे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होतं, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून जी माणसं ख्रिस्ती झाली त्यातलंच आमचं घर. आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात ऊस तोडला, विहिरी खणल्या, त्यांच्या तळहातावरची घट्टी मी लहानपणी बोटाने दाबून बघायचो, खरवडली तरी त्यांना कळायचं नाही. बाबा शिकले, शाळेत लागले. पहिल्या वर्षाला मी जिमची फी मागितली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, की अंगमेहनतीतून बाहेर पडायला आपल्या तीन पिढ्या गेल्या, आणि तू पैसे भरून वजनं उचलायला जाणार? याला पटकन उत्तर देता येत नाही. आणि आमच्यासारख्यांना अभ्यासात मागे पडणं परवडतही नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती झालेले आजही बाहेर आहेत. वस्ती तीच, विहीर तीच, आडनावही तेच, पण कागदावर वेगळे. त्यामुळे आमच्या आया जेव्हा म्हणतात 'बाबा पुस्तक धर, बाकी सगळं नंतर', तेव्हा ते जुनाट विचार म्हणून उडवून लावणाऱ्यांना त्या वाक्यामागे किती काय आहे ते माहीत नसतं.

दुसरं, आरशासमोरची मूर्तिपूजा हा काही पाळकांनी उगाच काढलेला शब्द नाही. मी स्वतः त्यातून गेलोय. पहिल्या वर्षी पुण्यात आलो, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहायला लागलो, कोणी ओळखीचं नाही, म्हणून जिम लावली. चार महिने कानात इअरफोन घालून जायचो, कोणाशी न बोलता यायचो, रात्री एक वाजेपर्यंत रील बघायचो की छाती कशी वाढवायची. घरून आलेल्या मेसच्या पैशांतून प्रोटीनचा डबा घेतला आणि दोन महिने एका वेळचं जेवण वडापाववर भागवलं. गणिताच्या पेपरला एटीकेटी लागली, म्हणजे पेपर राहिला, पुन्हा द्यायचा. चर्चला जाणं बंद झालेलं होतं, ते बंद झालंय हेसुद्धा मला जाणवलेलं नव्हतं. त्या वेळी कोणी मला म्हटलं असतं की शरीर हा तुझा देव झालाय तर ते शंभर टक्के खरं होतं. आणि तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात पौल स्पष्ट म्हणतोच की शारीरिक कसरत थोड्या बाबतीत उपयोगी, सुभक्ती सगळ्याच बाबतीत.

मग माझा आक्षेप काय? आक्षेप असा की एवढी खरी दुखणी दाखवून ती बाजू औषध चुकीचं देते. ती म्हणते यादी बनव, वरून खाली, देव एक नंबर. पण यादीत देव एक नंबरला ठेवला की तो बाकीच्या गोष्टींमधून बाहेर पडतो हे कोणाच्या लक्षात येत नाही. सकाळी वीस मिनिटं त्याची, बाकी दिवस आपला. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने येशूच्या तरुणपणाबद्दल एकच वाक्य लिहिलंय, बारा वर्षांपासून तिशीपर्यंतची अख्खी अठरा वर्षं त्या एका वाक्यात, की तो ज्ञानाने, शरीराने आणि देवाच्या व माणसांच्या कृपेत वाढत गेला. ज्ञान, शरीर, देव, माणसं. यात कुठे क्रमांक दिलेत? ज्ञान आधी म्हणून देव तिसरा असं कोणी म्हणेल का? एक मुलगा वाढतोय आणि चारही बाजूंनी एकदम वाढतोय, तो सुताराच्या घरात लाकूड उचलत असतानासुद्धा.

आणि 'कसरत थोडी उपयोगी' म्हणणारा तोच पौल करिंथकरांना लिहिताना शर्यतीत धावणारा आणि मुष्टियुद्ध करणारा यांचे दाखले देतो, कारण करिंथच्या शेजारीच दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरायचे आणि मंडळीतल्या लोकांनी ते बघितलेले असणार. 'थोडी उपयोगी' म्हणजे निरुपयोगी नव्हे. आपण सोयीने तो 'उपयोगी' शब्द गिळतो. हाच माणूस आजच्या तुर्कस्तान-ग्रीसमधून पायी, बोटीतून, मार खात, तुरुंगात बसत वर्षानुवर्षं फिरला, त्याचं अंग काही बसून बसून झालेलं नव्हतं.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला दोन वर्षांनी सापडलं, आणि ते मी त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आजोबांच्या आयुष्यात वाईट काय होतं? विहीर खणणं वाईट नव्हतं. ज्या विहिरीचं पाणी आपल्याला भरता येणार नाही ती खणावी लागणं हे वाईट होतं. अंगावर मालकी दुसऱ्याची होती. शिक्षणाने आपण त्या मालकीतून सुटलो, अंगातून नाही सुटलो, अंग तर बरोबरच आलंय. पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकेत जाऊन बघा, सकाळी सातला आलेली मुलं रात्री दहाला उठतात, चोवीस-पंचवीस वर्षांची पोरं कंबरेला पट्टा लावून बसलेली असतात, चहावर दिवस काढतात, डोळे लाल. त्यांच्या आईवडलांनी उन्हातून सोडवलं आणि ती खुर्चीला जखडली गेली. आणि गावाकडे माझ्याच बरोबरीची पोरं पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर १६०० मीटर मारतात, कारण पोलीस भरतीच्या मैदानीला ५० मार्क आहेत आणि त्यातले २० त्या धावण्याचे. त्यांना कोणी विचारत नाही की तुमचा व्यायाम देवापेक्षा मोठा झाला का. पोटासाठी पळालं की चालतं आणि आनंदासाठी पळालं की पाप, हे गणित मला कधी कळलं नाही.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. दुसऱ्या वर्षाचा सप्टेंबर, आमच्या रूमवरच्या सोलापूरकडच्या मित्राला डेंग्यू झाला. दोन दिवस तो अंगावर काढत होता. रात्री दोनला बाथरूममध्ये धाडकन आवाज आला, बघतो तर फरशीवर पडलेला, डोळे उघडे पण बोलत नव्हता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, मागे एक जण, पुढे मी खुर्चीचे पाय धरून उलटा उतरत होतो. जिना अरुंद, बल्ब गेलेला, एकाने तोंडात मोबाईल धरून टॉर्च मारला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझे हात सुटले. अक्षरशः सुटले, बोटं उघडली, ऐकेनात. खुर्ची तिरकी झाली, त्याचं डोकं भिंतीला लागणार तेवढ्यात शेजारच्या रूममधला कुस्ती खेळणारा मुलगा, जो पायऱ्यांवरून धावत खाली येत होता, त्याने एका हाताने खुर्ची सावरली, मित्राला पाठुंगळी घेतलं आणि उरलेले दोन मजले न थांबता उतरला. मित्र वाचला, आठ दिवसांनी रूमवर परत आला. पण मी रिक्षात बसून प्रार्थना करत होतो तेव्हा माझी बोटं थरथरत होती आणि मनात सारखं येत होतं की मी चार महिने आरशासमोर जे केलं ते कोणासाठी होतं, आज लागलं तेव्हा ते कुठे गेलं?

त्याच्या पुढच्याच महिन्यात बायबल स्टडीला मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय निघाला. कफर्णहूममध्ये येशू एका घरात आहे, दारापर्यंत गर्दी, आणि चार माणसं एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात. आत जाता येत नाही म्हणून छपरावर चढतात, छप्पर उकरतात, खाट खाली सोडतात. हा उतारा मी शब्बाथ शाळेपासून ऐकतोय, चित्र रंगवलंय, फळ्यावर गोष्ट सांगितलीये. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला तिथलं वजन दिसलं. हालचाल नसलेला प्रौढ माणूस, म्हणजे साठ-सत्तर किलो, वर खाट. तो जिन्याने छपरावर न्यायचा. मातीचं, काटक्यांचं छप्पर हाताने फोडायचं. मग चारही कोपरे एका लयीत खाली सोडायचे, एकाचा हात सुटला तर तो माणूस डोक्यावर पडेल. आणि मार्क लिहितो, 'त्यांचा विश्वास पाहून' येशू त्याला म्हणाला. त्यांचा! खाटेवरच्या एकट्याचा म्हटलेलं नाही. येशूला विश्वास दिसला तो कुठे दिसला? त्या चौघांनी ना साक्ष दिली ना वचन म्हटलं, त्यांचे घामाने भिजलेले चेहरे छपराच्या भोकातून खाली बघत होते, तेवढंच दिसत होतं. त्या छपरावर व्यायाम कुठला, मैत्री कुठली आणि विश्वास कुठला हे वेगळं काढून दाखवा.

कोणी म्हणेल, हे सगळं ताकदवानांचं कौतुक झालं, मग ज्यांच्या अंगात ताकदच नाही त्यांचं काय? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जिमवाल्या बाजूने याचं उत्तर द्यायला हवं, कारण धडधाकट शरीर हेच जर देवाचं मंदिर असेल तर आजारी, अपंग, म्हातारं शरीर म्हणजे काय, पडकं देऊळ? पौलाच्या स्वतःच्या शरीरात काटा होता, तीनदा मागूनही तो निघाला नाही, आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे. इतिहासात ही चूक झालेलीच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पिळदार ख्रिस्तीपणाची एक लाटच आली होती, मर्दानी खेळ म्हणजेच धर्म असं शाळाशाळांतून शिकवलं गेलं, आणि ती माणसं साम्राज्य चालवायला इकडे आली तेव्हा आपल्या लोकांना दुबळे, बायकी म्हणून हिणवायला त्यांना तोच धर्म उपयोगी पडला. श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को या इंग्रज मिशनऱ्यांनी १८९१ मध्ये पंडितांच्या मुलांना चामड्याचा फुटबॉल जबरदस्तीने खेळायला लावला, त्यातून जातीचा विटाळ मोडला हे खरं, पण हातात छडी होती हेही खरं. त्यामुळे 'ख्रिस्ती आणि फिट' एवढं म्हणून मी खूश होणार नाही. मार्कच्या गोष्टीत मध्यभागी कोण आहे? खाटेवरचा माणूस. चौघांची नावं कोणाला माहीत नाहीत, त्यांची ताकद मोजली जाते ती त्याच्यापर्यंत पोचली म्हणून.

आणि त्याच काळात दुसरीकडे काय घडत होतं तेही बघा, कारण ते माझ्या कॉट बेसिसच्या फार जवळचं आहे. १८४४ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स नावाचा शेतकऱ्याचा मुलगा कापडाच्या दुकानात नोकर होता, दुकानाच्याच वरच्या मजल्यावर दाटीवाटीने झोपायचं, दिवसाचे बारा-चौदा तास काम, सुट्टी झाली की शहरात एकटेपणा आणि गुत्ता. त्याने आणि त्याच्यासारख्याच अकरा सोबत्यांनी प्रार्थनेसाठी एकत्र बसायला सुरुवात केली, त्यातून वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना झाली. व्यायामशाळा नंतर आली, आधी खोलीतले सोबती आले. पुढे १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या त्यांच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथने अठरा विद्यार्थ्यांसाठी हिवाळ्यात आत खेळता येईल असा खेळ शोधला, सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या लावून, तोच बास्केटबॉल. हा नेस्मिथ शिकलेला होता पाळक व्हायला. कॉलेजात तो फुटबॉल खेळायचा म्हणून सेमिनरीतले काही सोबती एका संध्याकाळी त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला जमले होते, असं त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. म्हणजे आमच्या ग्रुपवर जे चाललंय ते काही नवीन नाही, सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. फरक एवढाच की त्यांच्याकडे लेफ्ट करायचं बटण नव्हतं, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच टेबलावर जेवायला बसावं लागायचं.

रविवारचा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही, कारण खरी ठिणगी तीच. आमच्याकडचे ज्येष्ठ लगेच एरिक लिडेलचं नाव काढतात, आणि काढायलाच हवं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो पळाला नाही, ती त्याची हमखास शर्यत होती तरी. मग ४०० मीटर पळाला आणि ४७.६ सेकंदांत सोनं घेतलं. मी स्वतः रविवारी स्पर्धा पळणार नाही, हे मी त्या मित्रालाही सांगितलंय, कारण मला आठवड्यातून एक सकाळ अशी हवी जिथे माझा टाइम कोणी मोजत नाही. पण लिडेलची गोष्ट पॅरिसला संपत नाही. पुढच्याच वर्षी तो चीनला मिशनरी म्हणून गेला, युद्धात जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या कॅम्पमध्ये डांबलं, तिथे आईवडलांपासून तुटलेली शाळेतली पोरं होती. तो त्यांना विज्ञान शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, पण रविवारी नाही. एका रविवारी पोरांनी आपापलंच हॉकी खेळायला घेतलं, पंच नाही, मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानावर उभा राहिला. ऑलिंपिकच्या सोन्यासाठी ज्याने रविवार मोडला नाही त्याने पोरांसाठी तो मोडला. २१ फेब्रुवारी १९४५ ला मेंदूतल्या गाठीने तो त्याच कॅम्पमध्ये गेला, त्रेचाळीस वर्षांचा होता. आता सांगा, लिडेल कोणत्या बाजूचा? स्वतःच्या मेडलसाठी आणि दुसऱ्याच्या पोरांसाठी त्याने एकच नियम दोन वेगळ्या तऱ्हेने पाळला, आणि शब्बाथ माणसासाठी आहे हे वचन मार्कच्या त्याच दुसऱ्या अध्यायात आहे, खाटेच्या गोष्टीनंतर थोड्याच ओळींनी.

डेंग्यूच्या प्रकरणानंतर मी त्या कुस्तीवाल्या मित्राबरोबर तालमीत जायला लागलो. यावरूनही संघात बोललं गेलं, कारण तालमीत मारुती असतो. ही काळजी मी उडवून लावणार नाही. आत शिरताना सगळे मातीला हात लावून कपाळाला लावतात, मारुतीपुढे वाकतात, आणि गर्दीत एकटा ताठ उभा राहणं अवघड असतं. पहिल्या दिवशी मित्रानेच वस्तादांना सांगितलं की हा ख्रिश्चन आहे. वस्ताद म्हणाले, "पाया पडला नाहीस तरी चालंल, पण चप्पल घालून मातीत यायचं नाही." एवढंच. मी दाराशी उभं राहून मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणतो, मग मातीत उतरतो. दानिएल आणि त्याचे तीन मित्र बाबेलच्या राजवाड्यात होते, परक्यांची भाषा शिकले, परक्यांची विद्या शिकले, अगदी नावंसुद्धा परकी घेतली, दहा दिवस शाकभाजी आणि पाणी घेऊन राजाचं अन्न खाणाऱ्यांपेक्षा पुष्ट दिसले, आणि जिथे वाकायचं नाही तिथे त्याच तिघांनी आगीची भट्टी पत्करली. आपण मात्र भट्टी लांबूनच टाळायला राजवाड्यातच जायचं नाही म्हणतो. आणि तिथेही बघा, एकटा दानिएल नाही, चौघं आहेत. परक्या शहरात हॉस्टेलमध्ये राहणारी चार पोरं, अभ्यासात हुशार, जेवणाची पथ्यं पाळणारी, रात्री एकमेकांसाठी प्रार्थना करणारी. मला तर हे दरवेळी वाचताना आमची रूमच आठवते.

अभ्यासाचं म्हणाल तर पहाटे साडेपाचला तालमीत पोचायचं म्हणजे दहाला झोपावं लागतं, दहाला झोपायचं म्हणजे मोबाईल साडेनऊला ठेवावा लागतो, बस एवढ्यानेच माझा निम्मा प्रश्न सुटला. शंभर जोर मारल्यावर दोन तास एका जागी बसता येतं, आधी मला वीस मिनिटं बसता येत नव्हतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की डेंग्यूवाला मित्र संख्याशास्त्रात पक्का आहे, मी गणितात कच्चा, मी त्याला बरा होईपर्यंत मेसचा डबा आणून देत होतो आणि तो पडल्या पडल्या मला जुने पेपर सोडवायला लावत होता. एटीकेटी त्या हिवाळ्यात निघाली. मी एकट्याने तो पेपर दोनदा दिला होता.

एक गोष्ट या वादात कोणीच बोललेलं नाही म्हणून मी बोलतो. संघातल्या मुली गप्प आहेत. मुलांनी पळावं की नाही यावर तत्त्वज्ञान चालू आहे आणि मुलींनी पळायला काय घालून जावं यावर मावश्यांचं एकमत झालेलं आहे. टेकडीवर पहाटे अंधारात एकटी मुलगी जाऊ शकत नाही, तिला सोबत लागते, म्हणजे तिच्यासाठी तर व्यायाम पहिल्या दिवसापासून मैत्रीचाच प्रश्न आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात मध्य प्रांतातून मुली वाचवून केडगावला आणल्या तेव्हा त्या हाडांचे सापळे झालेल्या होत्या, त्यांना आधी खाऊ घालावं लागलं, मग शाळा, प्रार्थना आणि शेतातलं, छापखान्यातलं काम सगळं एका आवारात. तिथे कोणी यादी केली नव्हती की आत्मा एक नंबर, शरीर चार नंबर.

म्हणून त्या मॅरेथॉनवाल्या मित्राला माझं सांगणं आहे, आणि हे मी त्याला समोर बसवून सांगितलंय, की तू पळालास याचं मला वाईट वाटलं नाही, तू एकटा पळालास याचं वाटलं. संघातल्या एकालाही माहीत नव्हतं की तू सहा महिने तयारी करतोयस. आणि त्याला धारेवर धरणाऱ्यांना विचारतो, तो उपासनेला आला नाही हे तुम्हाला फोटो बघून कळलं की त्याची बाकावरची जागा रिकामी दिसली म्हणून? मला स्वतःला फोटो बघून कळलं. पहिल्या वर्षी मी चार महिने आलो नव्हतो तेव्हाही कोणाचा फोन आला नव्हता, आणि मी आता तेच दुसऱ्याला केलं.

अजून एक. आमच्या चर्चच्या दाराला सात पायऱ्या आहेत, दगडी, उंच, जुन्या बांधणीच्या. रॅम्प व्हायला हवा, तसं पत्र आम्ही कमिटीला दिलंय आणि त्याचा पाठपुरावा चालू राहील. पण तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या आजी, ज्या मला पुण्यात आल्यावर पहिल्या रविवारी स्वतःहून 'सलाम बाळा, जेवलास का' म्हणाल्या होत्या, त्या व्हीलचेअरवर आल्यापासून दोन वर्षं आत आलेल्या नाहीत. महिन्यातून एकदा पाळकसाहेब घरी जाऊन त्यांना प्रभुभोजन देतात. त्या मागच्या गल्लीत राहतात, खिडकीतून गाणी ऐकू येतात असं म्हणाल्या. मागच्या आठवड्यात मी त्यांना विचारून आलो, येईन म्हणाल्यात, फक्त पाडू नका एवढीच अट आहे. उपासना साडेआठला आहे, मी सव्वाआठला त्यांच्या दाराशी असेन. खुर्ची आणि आजी मिळून सत्तरएक किलो होतील. तालमीतला मित्र येतो म्हणालाय, पायऱ्यांपर्यंत मी पण धरतो म्हणाला. म्हणजे आम्ही दोघं झालो. अजून दोन जण लागतील.